केंद्रप्रमुख झालेल्या भाचीस

ओतूर, ता. जुन्नर
जूनचा पहिला आठवडा

चि. ताईस,


केंद्रप्रमुख म्हणून तुझी नेमणूक झाली आणि केंद्र आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातलं मिळालं, हे तुझ्या आईकडून कळलं. अभिनंदन फोनवर केलंच. तेव्हा तू विचारलंस, "मामा, केंद्रातल्या सगळ्याच शाळांत चांगलं शिकवलं जावं, तर पहिलं काम कोणतं हाती घेऊ?" त्याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. शाळा भरायला अजून थोडे दिवस आहेत, सवडीने वाच.

एक शाळा नावारूपाला आणणं आणि सगळ्या केंद्रात चांगलं शिकवण्याची रीत पडणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला एखादा झपाटलेला मुख्याध्यापक आणि त्याच्या पाठीशी उभं राहणारं गाव मिळालं की बरंच होतं. आपल्या जिल्ह्याने ते पाहिलंय. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी आणि आता खेड तालुक्यातलं जालिंदरनगर. दोन्हीकडे दत्तात्रय वारे गुरुजी. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांमधला लोकपसंतीचा मान मिळाला, तेव्हा जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या प्रत्येकाची छाती फुगली. माझीही. पण अशा शाळा बघून आलेले लोक बहुतेक वेळा इमारत आणि रंगरंगोटी यांचंच वर्णन करतात. जालिंदरनगरची माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे विषयमित्र. ज्याला एखादा भाग समजला तो दुसऱ्याला शिकवतो, वयाची आणि इयत्तेची अडचण मानत नाहीत. याला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. तरी तीच गोष्ट उचलायला लोक कचरतात, कारण त्यासाठी गुरुजींना गप्प बसावं लागतं. मुलं काय बोलतात ते ऐकत बसावं लागतं, आणि ते शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

दुसऱ्या कामाचं उदाहरण सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. तुम्ही नव्याने नोकरीत आलात तेव्हा त्याचा बोलबाला होता. प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी बाईंनी एकट्या शाळेला हात न घालता सगळं बीटच, म्हणजे त्यातल्या सगळ्याच शाळा, हाती घेतलं. मुलं ऐकून नव्हे, करून आणि आपसांत बोलून शिकतात, हे त्या शाळांतल्या साध्यासुध्या शिक्षकांनी वर्गात उतरवून दाखवलं. पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं आणि राज्यभरातले शिक्षक पदरमोड करून, जीपगाड्या ठरवून कुमठ्याला जाऊ लागले. सरकारी शाळेतला शिक्षक दुसऱ्याचा वर्ग बघायला स्वतःच्या खिशातून पैसे घालतो, ही माझ्या मते त्या सगळ्या काळातली सर्वांत मोठी घटना होती. परतल्यावर मात्र बऱ्याच ठिकाणी झालं काय, तर फरशीवर वर्तुळं आणि साप-शिडी रंगवली गेली. भिंतींवर तक्ते आले. मण्यांच्या माळा आणि काड्यांचे गठ्ठे आले आणि काही महिन्यांनी कपाटात गेले. साहित्य आणणं सोपं होतं. शिक्षकांनी मुलाबद्दल एकमेकांशी बोलत राहणं हे तिथून उचलून आणता येत नव्हतं. ते इथे रुजवावं लागणार होतं, आणि रुजवायला कुणी बसलं नाही.

तर ताई, माझं सांगणं एवढंच आहे की, तुझ्या केंद्रात शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग बघावा आणि मुलाच्या कामाबद्दल दोघांनी मोकळेपणाने बोलावं, ही रीत पाड. बाकी गोष्टी तिच्या मागून येतील किंवा येणार नाहीत, पण ती नसेल तर आलेल्या टिकणार नाहीत.

तुझ्याकडच्या वाड्यांवरच्या शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथीची मुलं, दोन खोल्या, एकेकाकडे दोन-दोन वर्ग. अशा शाळेतल्या गुरुजींना सहकारी म्हणून एकच माणूस असतो आणि तोही त्याच वेळी पलीकडच्या खोलीत शिकवत असतो. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याला शिकवताना पाहिलेलंच नाही, असे शिक्षक तुला भेटतील. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचं ऑपरेशन बघत बघत तयार होतो. आपल्याकडे डी.एड.चे सराव पाठ संपले की वर्गाचं दार बंद होतं आणि मग ते उघडतं फक्त तपासणीला. त्यामुळे दारात कुणी उभं राहिलं की शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. यात त्याचा दोष नाही.

म्हणून सुरुवात तू कर. तू त्यांचा वर्ग बघण्याआधी त्यांना तुझा वर्ग बघू दे. शाळेत गेलीस की खुर्ची मागू नकोस. "गुरुजी, आज तिसरीचं गणित मी घेते, तुम्ही मागे बसून मुलांकडे बघा, कुठली मुलं सुटतात ते मला सांगा," असं म्हण. आणि तयारी केलेला, घोटलेला नमुना पाठ घेऊ नकोस. जे चालू असेल तेच पुढे ने. पाठ फसला तर फसू दे. केंद्रप्रमुख बाईंचा पाठ फसतो आणि त्या त्यावर हसतखेळत बोलतात, हे पाहिलेला शिक्षक पुढच्या खेपेला स्वतः होऊन तुला वर्गात बोलावतो.

त्यानंतर जोड्या लाव. डोंगराच्या एका अंगाच्या दोन शाळा. एका शाळेतल्या बाई सकाळचा अर्धा दिवस दुसऱ्या शाळेत जाऊन बसतील. मग त्यांच्या वर्गाचं काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल आणि तिथेच बहुतेक योजना मोडतात. त्याचं उत्तर तूच. त्या अर्ध्या दिवशी त्यांचा वर्ग तू सांभाळ. केंद्रप्रमुखाने हे करावं असं कुठल्या परिपत्रकात ठळकपणे लिहिलेलं नसेल, पण करू नये असंही नाही. महिन्यातून असे थोडेच दिवस निघतील. तेवढे पुरे आहेत.

बघायला गेलेल्या शिक्षकाला एकच काम दे. शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही, दोन मुलांकडे बघायचं. फळ्यावर काय चाललंय ते नको, त्या दोघांच्या वहीत काय चाललंय ते टिपायचं. गुरुजींचं अक्षर, आवाज, टापटीप यांवर शेरे मारायची आपल्याला फार खोड आहे. ती खोड मोडायची असेल तर नजरच दुसरीकडे वळवावी लागते. तुझं स्वतःचं शेरेबुकातलं लिहिणंही तसंच असू दे. 'शैक्षणिक गुणवत्तेत सुधारणा आवश्यक' हे वाक्य वाचून आजवर एकाही मुलाला वाचता आलेलं नाही. त्याऐवजी लिही: 'दुसरीतली एक मुलगी धडा घडाघडा म्हणते, पण मधली ओळ दाखवली की थांबते. तिला धडा पाठ आहे, वाचन अजून आलेलं नाही.' हे वाचून शिक्षकाला उद्या सकाळी काय करायचं ते कळतं.

महिन्याच्या शिक्षण परिषदेचंही तसंच. ती आपल्याकडे होते, पण अर्धा वेळ सूचना वाचण्यात जातो, पाव वेळ सत्कारात आणि उरलेल्यात कुणीतरी पीपीटी दाखवतं. सूचना व्हॉट्सअॅपवर टाक. परिषदेला येताना प्रत्येक शिक्षकाने एका मुलाची वही आणायची, एवढाच नियम कर. हुशार मुलाची नको. जिथे गाडं अडलंय अशा मुलाची.

एका वहीवर किती बोलता येतं ते सांगतो. दुसरी-तिसरीच्या मुलांना 'एकशे पाच' सांगितलं की काही जण १००५ लिहितात. हे तू पाहिलं असशीलच. गुरुजी लाल शाईने फुली मारतात, १०५ लिहून देतात आणि दहा वेळा गिरवायला सांगतात. दुसऱ्या दिवशी 'तीनशे वीस' सांगितलं की पोरगं ३००२० लिहितं. आता या मुलाला काय येत नाही, असं विचारण्याऐवजी काय येतं असं विचारून बघ. त्याला शंभर लिहिता येतं, पाच लिहिता येतात. 'एकशे पाच' म्हणजे आधी शंभर आणि मग पाच, हे त्याने बरोबर ऐकलंय आणि ऐकलं तसं क्रमाने मांडलंय. जे हुकलंय ते एवढंच की आपल्या लिहिण्यात शंभराला वेगळी खूण नाही, जागाच शंभराचं काम करते आणि रिकाम्या जागेवर शून्य बसतं.

आणि ताई, हे मूल तर आपल्याच तालुक्यातल्या जुन्या माणसांसारखं लिहितंय. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई आणि कार्षापणं त्यात मोजून कोरली आहेत. ब्राह्मी अंकांचे जे सर्वांत जुने पुरावे भारतात आहेत, त्यांत तो गणला जातो. त्या अंकांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शंभराची खूण काढायची आणि पुढे पाचाची खूण काढायची, की झाले एकशे पाच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शहाण्या माणसांनी जी रीत वापरली, तीच तुझ्या केंद्रातल्या एखाद्या वाडीवरच्या आठ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या डोक्याने शोधली. तिच्यापासून आजच्या रीतीपर्यंत यायला माणसाला कित्येक शतकं लागली आणि आपण त्या पोराला एका तासात या म्हणतो. ही गोष्ट ज्या शिक्षकाला कळली तो फुली मारायला थांबेल. तो सुट्या काड्या, दहाचे जुडगे आणि शंभराचे गठ्ठे काढेल, फरशीवर तीन घरं आखेल आणि दशकाच्या घरात काहीच नाही तर काय लिहायचं, हे त्या मुलालाच विचारेल.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असंही दिलं, तेव्हा किती गदारोळ झाला तो आठव. मंगला नारळीकर बाई त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि हे मुलांच्या सोयीसाठी आहे असं त्या परोपरीने समजावत होत्या. वाद भाषेच्या अभिमानावर गेला. मुलाची वही कुणी उघडलीच नाही. तुझ्या परिषदेत असा वाद झाला तर तो वही समोर ठेवून होऊ दे.

आता आकड्यांबद्दल. निपुण भारत अभियान २०२१ च्या जुलैत आलं. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं असं त्यात ठरलंय. मला हे उद्दिष्ट मनापासून पटतं. याहून मोठं उद्दिष्ट प्राथमिक शाळेपुढे असूच शकत नाही. पण वरून टक्केवारी मागितली गेली की खालून टक्केवारी दिली जाते, आणि कागदावर सगळी मुलं वाचू लागतात. तुझ्या केंद्रात खरा आकडा सांगणाऱ्या शिक्षकाला शिक्षा होणार नाही, एवढी खात्री तुला देता आली पाहिजे. चौथीतली सात मुलं अजून जोडाक्षरांत अडकतात असं एखादे गुरुजी परिषदेत उभे राहून सांगतील, तर त्यांना सगळ्यांसमोर धन्यवाद दे आणि त्या सात मुलांसाठी काय करायचं यावर लगेच बोलायला लाग. तसंच शिष्यवृत्ती आणि नवोदयचं. पोरं लागली की वेशीवर फ्लेक्स लागतो, गावाला आनंद होतो, व्हावाही. पण त्या चार पोरांसाठी वर्षभर जादा तास चालले आणि भिंतीकडेची पोरं भिंतीकडेच राहिली असतील, तर त्या शाळेला मी चांगली शाळा म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

जादा तासांवरून आठवलं. आमच्या जुन्नरच्या पूर्व भागात आणि तुमच्या मंचर-पारगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती आता रोजची झाली आहे. संध्याकाळी मुलांना थांबवून घेणं म्हणजे अंधारून येताना त्यांना उसाच्या कडेने घरी पाठवणं. पश्चिमेला पावसाचं तेच. भीमाशंकरकडच्या वाड्यांत आषाढ-श्रावणात ओढे भरले की मूल शाळेत येणं हेच मोठं काम. दरड कोसळून माळीण गाडलं गेलं ती ३० जुलै २०१४ ची सकाळ या भागातलं कुठलंही घर विसरलेलं नाही. पाऊस धरला की आईबाप मुलाला घरी ठेवतात, त्याला निष्काळजीपणा म्हणू नये. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिटवून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा मला भरलेल्या ओढ्यांवरून शाळेकडे जाणारा हाच रस्ता दिसत होता. नकाशावरचे तीन किलोमीटर सह्याद्रीत पावसाळ्यात तीन किलोमीटर नसतात. तुझ्याकडच्या लहान शाळा टिकवायच्या असतील तर त्या लहान असूनही उत्तम आहेत हे दाखवावं लागेल. म्हणून जे काही करायचं ते शाळेच्या वेळेतच, आणि म्हणून त्या वेळेतला प्रत्येक तास राखणं हे तुझं काम.

भात लावणीच्या दिवसांत हजेरी घसरते. बाळहिरडा गोळा करायच्या दिवसांतही घसरते. हिरड्याचे पैसे म्हणजे महादेव कोळी कुटुंबांचा हातातला रोख पैसा असतो, मूल जाणारच. काही कुटुंबं कामाला नारायणगावकडे उतरतात. पूर्वेला विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात आणि त्यांची मुलं शिक्षण हमी कार्ड घेऊन किंवा न घेता येतात. हे दरवर्षी त्याच महिन्यांत होतं, तरी आपलं वार्षिक नियोजन दरवर्षी ते विसरतं. केंद्राची एक दिनदर्शिका शिक्षकांबरोबर बसून बनव. नवा, अवघड भाग लावणीच्या पंधरवड्यात नको. परत आलेल्या मुलाला कुठून उचलायचं, ते त्याच्या वर्गातल्या विषयमित्रावर सोपवता येतं.

माहितीचा ससेमिरा तुझ्या मागेही लागेल. 'तातडीने', 'आजच दुपारी दोनपर्यंत'. यू-डायस, पोषण आहाराच्या नोंदी, फोटो, लिंका. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक कामाला शिक्षक लावायला मनाई केली आहे. तरी कामं येतात आणि ती सगळी तुला परतवता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण जी माहिती तुझ्याकडे आधीच आहे ती पुन्हा शाळेकडे मागू नकोस. सकाळच्या पहिल्या दोन तासांत शिक्षकाला फोन करू नकोस. केंद्रप्रमुखाकडून शिक्षकाला मिळणारी ही सगळ्यात मोठी भेट असेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांशी याबद्दल आधीच बोलून घे. बहुतेक अधिकारी नीट सांगितलं तर ऐकतात.

भाषेचं एक राहिलं. कोळी-ठाकर घरांतली मुलं पहिलीत येतात तेव्हा गप्प असतात. ती बुजरी आहेत असा शेरा पडतो. अंगणात तीच मुलं गुराखरांची, खेकड्यांची, रानभाज्यांची इतकी नावं सांगतील की आपल्याला लिहून घ्यावी लागतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात, अगदी कुरणातसुद्धा नेता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. पहिलीच्या बाईंना सांग की पहिले काही आठवडे मुलांच्या बोलीतल्या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐका, त्याच फळ्यावर लिहा आणि त्याच वाचायला द्या. 'नीट बोल' हे शब्द पहिलीच्या वर्गात कुणी उच्चारू नयेत.

पालकांना शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश जागा आहेत, आणि समितीच्या एकूण जागांपैकी निम्म्या बायांच्या. त्यांना सहीपुरतं बोलावू नकोस. बैठकीत दोन मुलांच्या जूनमधल्या आणि डिसेंबरमधल्या वह्या शेजारी शेजारी ठेव. अक्षरओळख नसलेली आईसुद्धा फरक पाहू शकते. मूल गावासमोर उभं करून वाचायला लावणं मात्र त्याला नीट वाचता येऊ लागल्यावरच.

शाळेबाहेरचंही एक सांगतो. खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीवर विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, मोठं प्रदर्शन भरतं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आपल्या अंगणात आहेत आणि कित्येक मुलांनी त्या फक्त रस्त्यावरून पाहिल्यात. मुलांना ने, पण आधी प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून घे आणि तिथल्या शास्त्रज्ञांना तो त्यालाच विचारू दे.

पहिल्या वर्षी एवढंच कर: तुझा वर्ग त्यांना दाखव, जोड्या लाव आणि वह्या आणायला सांग. दुसरा कुठलाही उपक्रम काढू नकोस, त्याला आकर्षक नाव देऊ नकोस, फोटो टाकू नकोस. काही शिक्षक वर्षभर दार उघडणार नाहीत. त्यांच्या मागे लागू नकोस, त्यांच्या शाळेत जाऊन नुसती शिकवत राहा. बदल्या होतील, तुझ्या तयार झालेल्या बाई मे महिन्यात दुसऱ्या तालुक्यात जातील आणि तुला रडू येईल. त्यांच्या जागी येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात जुन्या शिक्षकाच्या वर्गात नेऊन बसव.

आणि पहिल्या परिषदेला जवळच्या आश्रमशाळेतल्या शिक्षकांनाही बोलाव. त्यांचं खातं वेगळं, पण चौथीनंतर तुझी बरीच मुलं त्यांच्याच वर्गात जाऊन बसणार आहेत. नुसतं तोंडी सांगू नकोस. घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाला रीतसर पत्र दे, त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना पाठव आणि पत्रातच लिही की येताना पाचवीतल्या एका मुलाची गणिताची वही आणावी.

तुझा,
मामा